कूलंट कमी असल्याचा मेसेज पुन्हा पुन्हा येतोय? बाटलीत ओतण्याआधी हे तपासा

गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कमी असल्याचा मेसेज येतो. गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक बोनेट उघडतो, कूलंटच्या प्लास्टिकच्या बाटलीत अर्धा लिटर ओततो आणि मेसेज जातो. काही आठवडे बरे जातात. मग तोच मेसेज आणि पुन्हा तोच अर्धा लिटर. ठाण्यातलं कोलशेत असो, नवी मुंबईतलं ऐरोली असो की खारघर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाडीवाले बोलत उभे राहिले की हा विषय निघतोच. बहुतेकांचं मत एकच असतं: आपल्याकडचा उकाडा, त्यात घोडबंदरचं ट्रॅफिक, एवढं पाणी उडणारच.

ते उडत नाही. कूलंटची यंत्रणा सीलबंद असते. इंजिन, रेडिएटर, हीटरची जाळी, होज पाइप आणि बाटली यांतून तोच द्रव गोल फिरत राहतो. छोट्या गाडीत तो चार-पाच लिटर असतो, मोठ्या डिझेल एसयूव्हीत आठ-नऊ लिटरच्या घरात. धडधाकट गाडीत वर्षभरात पातळी बोटभर खाली आली तर समजू शकतं. दर महिन्याला अर्धा लिटर कमी होत असेल तर तो कुठून तरी बाहेर जातोय किंवा इंजिनच्या आत जळतोय. तिसरी शक्यता म्हणजे द्रव जागेवरच आहे आणि सेन्सर चुकीचं सांगतोय. या तिन्हींपैकी काय आहे हे कळेपर्यंत टॉप-अप ही दुरुस्ती नाही. उलट दर टॉप-अपला दुखणं थोडं वाढतं. ते कसं, हे पाण्याच्या भागात लिहिलं आहे.

मेसेज नक्की काय मोजतो

सेन्सर बाटलीच्या तळाशी किंवा बाजूला बसवलेला असतो. त्याचे दोन प्रकार सर्रास दिसतात. एकात चुंबक बसवलेला छोटा फ्लोट असतो. पातळीबरोबर तो खाली येतो आणि ठरावीक जागी आला की आतला रीड स्विच (चुंबकाने चालू-बंद होणारा स्विच) बदलतो. दुसऱ्या प्रकारात बाटलीत धातूच्या दोन पिना असतात. त्या कूलंटमध्ये बुडालेल्या असतात तोवर एका पिनेतून दुसरीकडे थोडी वीज वाहते, आणि गाडी समजते की द्रव पुरेसा आहे.

दोन्ही सेन्सर फक्त हो किंवा नाही एवढंच सांगतात. किती कमी झालं आणि किती वेगाने कमी होतंय, हे त्या मेसेजमधून कळत नाही. त्यामुळे पातळी बरोबर सीमेवर असली की मेसेज लपंडाव खेळतो. सकाळी येतो, दुपारी जातो. बेसमेंटच्या रॅम्पवर गाडी चढताना येतो, रस्त्यावर आली की जातो. यावरून सेन्सर खराब असं ठरवून लोक मोकळे होतात, पण याचं कारण बहुतेकदा साधं असतं. सहा लिटर कूलंट सकाळच्या तापमानापासून ९५ अंशांपर्यंत तापलं की प्रसरण पावून सुमारे पाव लिटर वाढतं. थंड असताना सेन्सरच्या खाली असलेली पातळी गरम झाल्यावर सेन्सरच्या वर जाते. गाडी उतारावर कलली की द्रव बाटलीच्या एका बाजूला सरकतो. सेन्सर ठीक काम करतोय, पातळी खरोखरच कमी आहे आणि तुम्हाला ते लवकर कळलंय. ही चांगली गोष्ट आहे. याच टप्प्यावर शोध घेतला तर खर्च सहसा झाकण, क्लिप किंवा होज पाइपवर थांबतो.

अनेक छोट्या गाड्यांमध्ये पातळीचा सेन्सरच नसतो, फक्त थर्मामीटरचा निळा आणि लाल दिवा असतो. तो दिवा तापमान सांगतो, पातळी नाही. अशा गाडीवाल्यांनी बाटलीकडे स्वतःच बघायची सवय ठेवायला हवी. कारण लाल दिवा लागेपर्यंत पाणी बरंच गेलेलं असतं.

खोटा मेसेज कसा ओळखायचा

बाटलीच्या मागून मोबाइलचा टॉर्च लावा. जुन्या बाटल्या पिवळ्या पडतात आणि आतल्या बाजूला जुन्या पातळीची रेघ उमटलेली असते. ती रेघ म्हणजेच पातळी असं बघणाऱ्याला वाटतं. टॉर्च लावून बाटली हाताने थोडी हलवली की खरी पातळी हिंदकळताना दिसते.

पातळी कमाल आणि किमान खुणांच्या मध्ये आहे आणि तरीही मेसेज येतोय, तर सेन्सरकडे वळा. आधी कनेक्टर काढून बघा. खाडीकाठच्या आपल्या हवेत, विशेषतः उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून तो साफ होतो. मग सेन्सरकडे जाणारी वायर शेवटपर्यंत बघा. पावसाळ्यात पार्किंगमधले उंदीर उबेसाठी बोनेटखाली शिरतात आणि बारीक वायरी कुरतडतात. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा, जुलै-ऑगस्टमध्ये हे काम त्याच्याकडे येतंच.

वायर ठीक असेल तर सेन्सर तपासायचा. फ्लोटवाल्या सेन्सरला मल्टिमीटर लावून पातळी वर-खाली केली की स्विच बदलताना दिसला पाहिजे. बदलत नसेल तर फ्लोट गाळात अडकलाय किंवा स्विच गेलाय. पिनांच्या सेन्सरमध्ये पिनांवर थर बसतो आणि बाटली आतून स्वच्छ केली की अनेकदा काम होतं. या प्रकारात आणखी एक कारण लक्षात ठेवा. शुद्ध डिस्टिल्ड पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. बाटलीत कूलंटऐवजी नुसतं डिस्टिल्ड पाणीच भरत आलं असेल, तर पातळी पुरेशी असूनही असा सेन्सर फसू शकतो.

सेन्सर खोटा ठरला तरी एक गोष्ट करा: आत गाळ कुठून आला ते विचारा. तपकिरी गाळ म्हणजे इंजिनच्या आत गंज धरतोय. जेलीसारखा चिकट थर म्हणजे दोन न जुळणारी कूलंट एकत्र झाली आहेत. अशा वेळी सेन्सर बदलून थांबू नका, पूर्ण यंत्रणा धुऊन नवं कूलंट भरा.

पातळी मोजायची पद्धत

शोधाचं अर्धं काम इथेच होतं, आणि ते गॅरेज तुमच्यासाठी करू शकत नाही. कारण गाडी त्यांच्याकडे गरम अवस्थेत पोहोचते.

इंजिन पूर्ण थंड असताना बघायचं, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सुरू करण्याआधी. गाडी रोज त्याच जागी, शक्यतो सपाटीवर उभी करायची. बेसमेंटमधल्या काही जागांना पाणी वाहून जाण्यासाठी थोडा उतार असतो, तेवढ्यानेही बाटलीतली रेघ बदलते. बाटलीवर आजच्या पातळीला रंगीत टेपचा बारीक तुकडा चिकटवा आणि ओडोमीटरचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. नंतर कधी ओतावं लागलंच तर स्वयंपाकघरातून बाद केलेल्या मापाने मोजून ओता, आणि किती मिलिलिटर ओतलं तेही लिहा. ते माप पुन्हा घरात आणू नका, कूलंट विषारी असतं.

आठवड्या-दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं. सर्व्हिसिंगमध्ये कूलंट बदललं आणि नंतरच्या काही दिवसांत पातळी थोडी उतरून स्थिर झाली, तर आत राहिलेली हवा बाहेर पडली, एवढाच अर्थ. एकदा टॉप-अप करा आणि विसरून जा. गाडी उभी असतानाही पातळी उतरत असेल तर गळती थंड अवस्थेतही चालू आहे, खाली डाग सापडेलच. शहरात फिरताना पातळी जागेवर राहते आणि बोर घाट किंवा कसारा घाट चढून आल्यावर मात्र बोटभर खाली जाते, हे चित्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथे यंत्रणेतला दाब पूर्ण चढलेला असताना कुठली तरी जागा तोंड उघडते. ते झाकण असू शकतं, बारीक तडा असू शकतो, किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग (ब्लॉक) यांच्यामधलं सील.

आधी तुमच्या गाडीची बाटली कोणत्या प्रकारची आहे ते बघा

हा मुद्दा मेकॅनिकही घाईत सोडून देतात, म्हणून थोडं थांबून लिहितो.

काही गाड्यांमध्ये बाटलीचं झाकण जाड, आट्यांचं असतं, आणि त्यावर दाबाचा आकडा छापलेला असतो. इथे बाटलीतही दाब असतो आणि कूलंट तिच्यातून फिरतं. बाटलीतली पातळी म्हणजेच गाडीची पातळी.

दुसऱ्या प्रकारात दाबाचं झाकण थेट रेडिएटरवर असतं आणि बाटलीला साधं प्लास्टिकचं झाकण असतं. गरम झाल्यावर जास्तीचं कूलंट बारीक नळीतून बाटलीत येतं, थंड झाल्यावर रेडिएटर ते परत ओढून घेतो. ही परतीची वाट बिघडली तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, अशी स्थिती होऊ शकते. बाटलीकडे बघून सगळं छान वाटतं आणि इंजिन आतून तहानलेलं असतं. रेडिएटरच्या झाकणातला छोटा उलटा व्हॉल्व्ह अडकला, झाकणाचं रबर कडक झालं किंवा त्या बारीक नळीला चीर गेली की असं होतं. त्यामुळे या प्रकारच्या गाडीत सकाळी, पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. कूलंट तोंडापर्यंत भरलेलं दिसलं पाहिजे. बोटाने शोधावं लागत असेल आणि बाटली मात्र भरलेली असेल, तर आधी झाकण बदला आणि नळी तपासा. झाकण स्वस्त असतं, पण बदलताना दाबाचा आकडा तोच हवा.

त्या आकड्याला फार महत्त्व आहे. साधारण गाड्यांत तो ०.९ ते १.१ बार असतो, काही युरोपीय गाड्यांत १.४ किंवा त्याहून थोडा जास्त. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी उशिरा उकळतं, तेच इथे होतं. अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि अर्धं पाणी असं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. एक बार दाबाखाली तेच १२९ अंशांच्या आसपास जातं. चालत्या इंजिनात कूलंट ९० ते १०५ अंशांवर असतं. झाकण दाब धरत नसेल तर उकळण्याच्या बिंदूपर्यंतचं अंतर जवळपास संपतं. माजिवड्याच्या सिग्नलपासून गायमुखपर्यंत कंटेनरच्या मागे रांगत जाणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही, पंखा एकटा काम करतो, आणि अशा वेळी ढिल्या झाकणातून कूलंट वाफ होऊन निघून जातं. उकाड्याला दोष देणाऱ्यांना हेच दिसत असतं. पण निरोगी झाकण असलेली शेजारची गाडी त्याच ट्रॅफिकमध्ये थेंबही गमावत नाही.

बाहेरची गळती

पहिली अडचण एसीच्या पाण्याची. आपल्या दमट हवेत एसी लावून आलेल्या गाडीखाली डबकं होतंच. ते स्वच्छ, बिनवासाचं असतं आणि कोरड्या कागदाने टिपलं तर नुसतं ओलं होतं. कूलंटला रंग असतो, बोटांना बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. शंका असेल तर रात्री पुढच्या भागाखाली मोठा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डागाची जागा आणि रंग दोन्ही कळतात.

डाग नाही म्हणजे गळती नाही, असं मात्र नाही. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एका काकांच्या गाडीची गोष्ट सांगतो. सकाळी रॅम्पवर मेसेज यायचा, हायवेला लागल्यावर जायचा. “पाणी टाकलं की जातो रे तो,” असं म्हणत काका डिकीत बाटली घेऊनच फिरायचे. गाडीखाली कधीच थेंब नव्हता. गॅरेजने सेन्सर बदलला, मेसेज परत आला. मग टेपची खूण लावली, आणि शहरात पातळी हलत नाही, पुण्याहून आल्यावर मात्र उतरते, हे लक्षात आलं. वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या रेडिएटरवाल्याने प्रेशर टेस्टर लावला. हातपंपासारखं साधं यंत्र आहे ते. झाकणाच्या जागी बसवून झाकणावर छापला आहे तेवढा दाब भरायचा आणि काटा उतरतो का ते दहा-पंधरा मिनिटं बघायचं. काटा हळूहळू उतरला. कूलंटच्या बाटलीचे दोन अर्धे जिथे जोडलेले असतात त्या शिवणीवर, मागच्या बाजूला, केसासारखा तडा होता. गरम आणि दाबाखाली असताना तिथून बारीक फवारा उडायचा, तापलेल्या इंजिनवर पडून सुकायचा, म्हणून खाली काहीच दिसत नव्हतं. मागे आरसा धरल्यावर पांढरट-गुलाबी पापुद्रा दिसला. बाटली बदलली, झाकण बदललं आणि प्रश्न संपला.

हा पापुद्रा शोधायला शिका. कूलंटमधलं पाणी उडून जातं आणि त्यातली रसायनं मागे डाग ठेवतात, हिरवे, गुलाबी, नारिंगी किंवा पांढरे. होज पाइपच्या क्लिपांजवळ, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या बाजू जिथे अॅल्युमिनियमला जोडलेल्या असतात तिथे, थर्मोस्टॅटच्या घराभोवती आणि वॉटर पंपाखाली बघा. पंपाला खाली एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. तो ओघळ दिसला की पंप बदलायचा, भोक बुजवायचं नाही. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदलून घ्या, कारण मजुरी एकदाच लागते.

हीटरची जाळी आपल्याकडे कोणाच्या लक्षात येत नाही. ठाण्यात हीटर लावतो कोण? पण बहुतेक गाड्यांत कूलंट त्या जाळीतून फिरतच असतं. ती गळली तर डॅशबोर्डखालची मॅट ओली होते, गाडीत गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट धुकं बसतं, जे कापडाने पुसलं तर पसरतं. पावसाळ्यात मॅट ओली दिसली की एसीची नळी तुंबली असं समजतात, आणि अनेकदा ते खरंही असतं. मॅटचं पाणी टिश्यूवर घेऊन रंग आणि वास बघितला की फरक लगेच कळतो.

प्रेशर टेस्टमध्ये काटा उतरतोय पण जागा सापडत नाही, तेव्हा कूलंटमध्ये चमकणारा रंग घालतात आणि गाडी काही दिवस चालवून निळ्या-जांभळ्या दिव्याखाली बघतात. हे काम करणारी गॅरेजं ठाण्यात आणि वाशी-तुर्भे भागात मिळतात. रेडिएटरमध्ये ओतायच्या गळतीबंद पावडरी आणि द्रव यांच्यापासून लांब राहा, असं मी मनापासून सांगतो. ते गळतीच्या भोकाबरोबर हीटरच्या जाळीतल्या बारीक नळ्याही बुजवतात.

आतली गळती

बाहेर काहीच सापडत नाही, प्रेशर टेस्टमध्ये काटा मात्र उतरतो, किंवा बाटलीतली पातळी कधी कमी तर कधी अचानक उसळलेली दिसते. अशा वेळी हेड गॅस्केटचा विचार करावा लागतो. डिझेल गाडीत ईजीआर कूलरचाही (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग), कारण त्यात एका बाजूला धुराचा वायू आणि दुसऱ्या बाजूला कूलंट असतं. मधली भिंत फुटली की कूलंट सरळ इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून वाफ होऊन निघून जातं.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून बघा, तो मऊ असतो. इंजिन सुरू करा. मिनिटभरात, म्हणजे पाणी तापायच्या आधीच, तो टणक झाला तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. पंखा आणि बेल्टपासून हात आणि कपडे लांब ठेवा. गॅरेजमध्ये याची खात्री निळ्या रसायनाने करतात. बाटलीच्या तोंडाशी वरची हवा त्या द्रवातून ओढायची. निळा रंग पिवळा किंवा हिरवट झाला तर गॅस्केट, हेड किंवा ब्लॉक यांपैकी काही तरी गेलंय.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट, लोण्यासारखा थर दिसला की लगेच गॅस्केट गेलं असं कोणी म्हणालं, तर जरा थांबा. पावसाळ्यात घर ते स्टेशन एवढीच धाव असलेल्या गाडीत इंजिन पुरतं तापतच नाही, आणि हवेतला ओलावा झाकणाखाली साचून असाच थर बनतो. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून बघा. तिच्यावरचं ऑइल नेहमीसारखं असेल आणि कूलंटची पातळी टेपच्या खुणेवरच असेल, तर हायवेवर लांब फेरी मारून आणा आणि परत बघा. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर गाडी चालवू नका, टो करून न्या. हेड उघडण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून निळ्या रसायनाची चाचणी झाल्याशिवाय हेड उघडायला होकार देऊ नका.

बाटलीत काय ओतताय

घोडबंदर पट्ट्यातल्या कितीतरी संकुलांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतो. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी मिळतं, ते पिण्याला चांगलंच आहे, पण नळाच्या पाण्यातले क्षार आणि क्लोरीन इंजिनाला चालत नाहीत. ओतायचं असेल तर कंपनीने सांगितलेलं कूलंट ओता, किंवा अडीनडीला डिस्टिल्ड वॉटर.

दुकानात कूलंट दोन प्रकारे मिळतं. एक तयार मिश्रण, ज्यात पाणी घालायचं नसतं, आणि दुसरं घट्ट, जे साधारणपणे निम्मं पाणी घालून वापरतात. डबा नीट वाचा. रंगावरून प्रकार ओळखता येत नाही, दोन कंपन्यांचं गुलाबी वेगळं असू शकतं. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार दिलाय तोच घ्यायचा.

आता टॉप-अपने दुखणं कसं वाढतं ते बघा. गळतीतून जातं ते पूर्ण कूलंट, आणि त्या जागी येतं नुसतं पाणी. असं वर्षभर चाललं की मिश्रण पातळ होतं, उकळण्याचा बिंदू खाली येतो आणि गंज रोखणारी रसायनं संपत जातात. मग पंपाचं सील, अॅल्युमिनियमचं हेड, रेडिएटर सगळं आतून झिजायला लागतं आणि एका गळतीच्या दोन होतात. म्हणून गळती दुरुस्त झाल्यावर नुसती पातळी भरून गाडी परत घेऊ नका. जुनं कूलंट काढून नवं भरायला सांगा, हवा नीट काढून घ्या आणि त्यानंतर आठवडाभर टेपच्या खुणेकडे रोज बघा.

काढलेलं कूलंट पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा गटारात ओतू देऊ नका. ते गोड लागतं आणि सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात. थोडंसं इथिलीन ग्लायकॉलही त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. सांडलं असेल तर भरपूर पाण्याने धुऊन टाका.

रस्त्यात मेसेज आला तर

तापमानाचा काटा मधोमध असेल तर घाबरायचं कारण नाही, पण पुढच्या सोयीच्या जागी थांबा. काटा चढत असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. त्याने इंजिनची थोडी उष्णता गाडीत येते. लाल दिवा लागला की बाजूला घेऊन इंजिन बंद. झाकणाला किमान अर्धा तास हात लावायचा नाही. दाबाखालचं उकळतं कूलंट चेहऱ्यावर उसळून माणसं भाजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

एक खूण विशेष लक्षात ठेवा. कूलंटचा मेसेज आलाय आणि तापमानाचा काटा अचानक खाली पडला, तर इंजिन थंड झालं असं समजू नका. तापमानाचा सेन्सर द्रवाबाहेर उघडा पडला की तो हवेचं तापमान सांगतो. ही लगेच इंजिन बंद करायची वेळ आहे.

अटल सेतू जवळपास २२ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर गाडी थांबवायला मनाई आहे. मेसेज येत असलेली गाडी घेऊन त्यावर चढण्याआधी उलव्याच्या बाजूलाच पातळी बघून घ्या. घाटाचंही तसंच, खोपोलीच्या आधी.

ऑइल आणि ब्रेक ऑइलचे मेसेज

इंजिन ऑइलचा पिवळा मेसेज पातळीबद्दल असतो आणि ऑइलच्या कॅनचा लाल दिवा दाबाबद्दल. लाल दिव्याला एक किलोमीटरही पुढे जायचं नाही. पिवळ्याला सपाट जागी थांबा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं ऑइल खाली उतरू द्या, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग बघा. दोन खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत सुमारे एक लिटरचा फरक असतो, त्यामुळे एकदम लिटरभर ओतू नका, थोडं थोडं ओतून बघत जा.

बीएस ६ डिझेलवाल्यांसाठी उलटा धोकाही आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो जाळून साफ करताना जादा डिझेल सोडलं जातं. शाळा आणि स्टेशनच्या छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते आणि थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते आणि ऑइल पातळ होतं. मेसेज ऑइल तपासायला सांगत असेल तर डिपस्टिक बघितल्याशिवाय ओतू नका. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर ऑइल बदलायचं.

ब्रेक ऑइलचा लाल दिवा बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचाच असतो. हँडब्रेक खाली असतानाही तो वळणावर किंवा ब्रेक मारताना लुकलुकत असेल तर पातळी सीमेवर आहे. ब्रेकचे पॅड झिजले की ते दाबणारे कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात आणि त्या जागेत ऑइल उतरतं, म्हणून पातळी कमी होणं ही अनेकदा पॅड संपल्याची खूण असते. आधी पॅड बघा. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर चाकांच्या आतल्या बाजूला आणि ब्रेकच्या नळ्यांवर ओल शोधा, आणि ती सापडली तर गाडी तिथून चालवत नेऊ नका. पॅड झिजलेले असतील तर ते बदलून घ्या. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की पातळी आपोआप वर येते. मधल्या काळात कोणी बाटली काठोकाठ भरली असेल तर ते जादा ऑइल बाहेर सांडतं, आणि ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं, त्यामुळे सांडलं तिथे लगेच पाणी मारा.